जाळीचे गणित



एखाद्या शेताची हद्द सरळ नाही. एका बाजूने ओढा वळणे घेत गेला आहे, दुसऱ्या बाजूस खडकाचा उंचवटा आत शिरला आहे. अशा शेताचे क्षेत्रफळ कसे काढावयाचे? मोजणीदाराचे उत्तर आपणांस ठाऊक आहे. तो खुणांचे दगड ठरवितो, साखळी टाकतो आणि त्या वेड्यावाकड्या आकृतीचे त्रिकोण पाडतो. त्रिकोणाचे क्षेत्रफळ शाळेतल्या मुलालाही काढता येते. सगळ्या त्रिकोणांची बेरीज केली की शेताचे माप हाती येते. ओढ्याच्या काठाशी थोडे कमीजास्त होते. तेथे त्रिकोण लहान घेतले की चूकही लहान होते.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्याचे मूळ या जुन्या युक्तीत आहे. गुंतागुंतीच्या आकारांचे असे लहान लहान तुकडे आपोआप पाडून देणारे सॉफ्टवेअर, हा तो विषय. या तुकड्यांच्या समूहाला अभियंते ‘मेश’ किंवा ‘ग्रिड’ म्हणतात. आपण तिला सरळ जाळी म्हणू. विमान, धरण, मोटारीचे इंजिन, समुद्रातील तेलाचा फलाट, इतकेच काय पण उद्याच्या पावसाचा अंदाज, या सर्वांच्या मागे आज अशी एखादी जाळी असते. ती आपल्या दृष्टीस पडत नाही. पण ती वाईट पडली तर काय होते, हे सांगणारी एक मोठी दुर्घटना घडून गेलेली आहे. तिच्याकडे मी पुढे वळेनच.

आधी जाळी लागते कशाला, ते पाहू. हवा कशी वाहते, उष्णता कशी पसरते, भिंतीत ताण कसा निर्माण होतो, यांचे नियम शास्त्रज्ञांनी अवकल समीकरणांच्या रूपात लिहून ठेवले आहेत. त्यांचा मथितार्थ इतकाच की, एका ठिकाणी जे घडते ते त्याच्या लगतच्या ठिकाणी काय चालले आहे यावर अवलंबून असते. गोल, घन, सरळ नळी अशा साध्या आकारांत ही समीकरणे कागदावर सुटतात. परंतु सृष्टीने आणि कारागिराने घडविलेल्या बहुतेक वस्तू साध्या आकाराच्या नसतात. तेथे समीकरणांचे नेमके उत्तर काढणे कोणालाच साधत नाही. मग आकाराचे हजारो, लाखो तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यापुरता सोपा हिशेब मांडावयाचा आणि शेजारच्या तुकड्याशी त्याचा मेळ घालावयाचा, एवढा एकच मार्ग उरतो.

हा मार्ग धीराने चालणाऱ्या पहिल्या लोकांत लुई फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव घ्यावे लागते. १९१० साली त्यांनी दगडी धरणातील ताणांचा हिशेब अशाच चौकटी पाडून केला. त्या काळी संगणक नव्हता. आकडेमोडीसाठी त्यांनी मुले लावली होती आणि त्यांना कामाप्रमाणे मोबदला दिला जाई. चुकलेल्या आकड्यांचे पैसे मिळत नसत! पुढे पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या पथकात काम करीत होते. त्या धामधुमीतही त्यांनी मध्य युरोपच्या नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे पाडून, २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या हवामानाचे भाकीत हाताने गणित करून काढले. त्यांचे हस्तलिखित युद्धात हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. १९२२ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भाकीत मात्र साफ फसले होते. हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार वाढेल असे गणिताने सांगितले. प्रत्यक्षात तो जवळजवळ जागचा हलला नव्हता. मूळ नोंदींतील लहानसा असमतोल गणितात फुगत गेला होता, हे पुढे उमगले. पण रीत खरी होती. ६४,००० माणसे एका भव्य सभागृहात बसून साऱ्या पृथ्वीच्या हवामानाचे गणित करीत आहेत, असे चित्र रिचर्डसन यांनी त्या ग्रंथात रंगविले आहे. आज ते सभागृह संगणकाच्या पेटीत मावते.

चौकोनी घरे मोकळ्या मैदानात ठीक असतात. आकार वाकडा झाला की ती अडखळतात. गोव्याच्या नकाशाचेच उदाहरण घ्या. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांची रुंद मुखे, त्यांना आतून जोडणारा कुंभारजुव्याचा जलमार्ग, मध्ये दिवाडी आणि चोडण ही बेटे. या पाण्यावर आलेखाच्या कागदासारखी चौकोनी जाळी पसरली, तर प्रत्येक काठ जिन्याच्या पायऱ्यांसारखा दातेरी होईल. भरतीचे पाणी खऱ्या काठाला घासून जाते. गणितातले पाणी त्या खोट्या पायऱ्यांवर आपटत राहील. घरे लहान करावीत तर अरुंद जलमार्गासाठी घेतलेले बारीक माप बाहेरच्या विशाल समुद्रालाही लावावे लागते आणि हिशेब हाताबाहेर जातो. त्रिकोणाला ही अडचण नाही. तो काठाबरोबर वळतो. खाडीत लहान होतो, समुद्रात मोठा होतो.

त्रिकोणांचा असा उपयोग रिचर्ड कूरांट या गणितज्ञाने १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविला होता. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघा अभियंत्यांनी विमानाच्या रचनेचा हिशेब त्रिकोणी तुकडे पाडून कसा करता येतो हे मांडले, आणि १९६० साली क्लफ यांनी या रीतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. मर्यादित तुकड्यांची रीत, असे तिला म्हणता येईल. पहिल्या पिढीचे अभियंते जाळी हाताने काढीत. मोठ्या कागदावर आकृती, तिच्यावर त्रिकोण, प्रत्येक शिरोबिंदूला क्रमांक, मग ते सारे आकडे छिद्रांच्या कार्डांवर चढवावयाचे. एखादा बिंदू चुकला की सगळे गणित बिघडे. संगणकाचे बळ वाढू लागले तशी हजारो त्रिकोणांची मागणी होऊ लागली आणि हे काम माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. जाळी टाकण्याचे कामही यंत्राकडेच सोपविणे भाग पडले.

येथे खरा प्रश्न उभा राहिला. माणूस नजरेने त्रिकोण पाडतो. यंत्राला नजर नाही. चांगला त्रिकोण कोणता आणि वाईट कोणता, हे त्याला नियमाने सांगावे लागते.

चांगल्या त्रिकोणाची पारख आपल्या देशात दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. टेकडी ते टेकडी, गोपूर ते गोपूर अशी त्रिकोणांची साखळी दक्षिणेकडून उत्तरेस सरकत गेली. हे काम करता करताच १८२३ साली लॅम्बटन यांचा वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे. त्रिकोण निमुळता असेल तर कोन मोजण्यातील किंचित चूक बाजूच्या लांबीत कितीतरी पटींनी वाढते, हे मोजणीदार जाणून असतात. म्हणून मोजणीच्या पाठ्यपुस्तकांत नियम दिलेला असतो की, कोणताही कोन ३० अंशांपेक्षा लहान किंवा १२० अंशांपेक्षा मोठा नसावा.

जाळीच्या गणितातही निमुळता त्रिकोण घातक ठरतो. कारणे मात्र थोडी निराळी आहेत. फार लहान कोनामुळे समीकरणांचा संच असा नाजूक होतो की संगणकाला तो सोडविणे जड जाते. आणि फार मोठा, म्हणजे १८० अंशांच्या जवळ जाणारा कोन असला, तर उत्तरच चुकते. ही गोष्ट बाबुश्का आणि अझीझ यांनी १९७६ साली सिद्ध केली. वाईट त्रिकोण किती फसवितात याचा एक नमुना हेरमान श्वार्ट्झ या जर्मन गणितज्ञाने १८८० च्या सुमारास दाखविला होता. एक साधे नळकांडे घ्या. त्याच्या पृष्ठभागावर ठिपके देऊन ते त्रिकोणांनी जोडा. ठिपके वाढवीत गेलो की त्रिकोणांच्या क्षेत्रफळांची बेरीज नळकांड्याच्या क्षेत्रफळाजवळ जाईल, असे कोणालाही वाटेल. परंतु आडवी वर्तुळे फार दाट आणि प्रत्येक वर्तुळावरील ठिपके त्या मानाने विरळ घेतले, तर त्रिकोण कागदी कंदिलाच्या घड्यांसारखे आडवे पडतात आणि बेरीज हवी तेवढी वाढत जाते! सगळे ठिपके नळकांड्यावरच आहेत, त्रिकोण अगदी बारीक आहेत, तरीही उत्तर खोटे. तुकडे नुसते लहान असून भागत नाही, त्यांचा घाटही चांगला लागतो, हे यावरून ध्यानात येईल.

मग यंत्राने चांगले त्रिकोण कसे निवडावेत? याचे उत्तर देणारा नियम १९३४ साली बोरिस देलोने या रशियन गणितज्ञाने मांडला. हे गृहस्थ नामांकित गिर्यारोहकही होते. आपला निबंध त्यांनी गिओर्गी वोरोनोय यांच्या स्मृतीस अर्पण केला होता. वोरोनोय यांची कल्पना खेड्यातल्या विहिरींवरून समजावून देता येते. गावात अनेक विहिरी आहेत आणि प्रत्येक घर आपल्या सर्वांत जवळच्या विहिरीवर पाणी भरते. अशा रीतीने प्रत्येक विहिरीचा एक मुलूख ठरतो. आता ज्या दोन विहिरींच्या मुलखांची हद्द सामाईक आहे, त्या विहिरी एकमेकींना रेषेने जोडा. जी त्रिकोणांची जाळी तयार होते, तीच देलोने यांची जाळी. तिचा गुण असा की, कोणत्याही त्रिकोणाचे परिवर्तुळ काढले तर त्याच्या आत दुसरा एकही बिंदू सापडत नाही. दिलेल्या बिंदूंवरून जितक्या प्रकारांनी त्रिकोण पाडता येतील, त्या सर्वांत हिचा सर्वांत लहान कोन जास्तीत जास्त मोठा असतो. म्हणजे निमुळते त्रिकोण शक्य तितके टळतात.

दहावीपर्यंत शिकलेल्या श्रोत्यांना एक गोष्ट आठवत असेल. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून १८० अंश होतात. परीक्षेपुरते पाठ केलेले हे प्रमेय येथे कामाला येते. एका सामाईक बाजूवर दोन त्रिकोण टेकले आहेत. त्या बाजूसमोरील दोन कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त भरली, तर एका त्रिकोणाचा बिंदू दुसऱ्याच्या परिवर्तुळात शिरला आहे असे समजावे. ती बाजू पुसून चौकोनाचा दुसरा कर्ण काढावा. अशी अदलाबदल करीत गेले की जाळी आपोआप सुधारते आणि देलोने यांच्या जाळीशी येऊन थांबते. १९८१ साली बोयर आणि वॉटसन या दोघांनी एकेक बिंदू नव्याने घालीत अशी जाळी संगणकावर रचण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली आणि त्यांचे निबंध एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात छापले गेले.

पण नुसते दिलेले बिंदू पुरत नाहीत. काठ तुटता कामा नये, कोन फार लहान राहता कामा नयेत, म्हणून नवे बिंदू घालावे लागतात. कोठे घालावेत? पॉल च्यू आणि जिम रपर्ट यांनी याची शिस्त घालून दिली. वाईट त्रिकोण दिसला की त्याच्या परिवर्तुळाच्या केंद्रावर नवा बिंदू ठेवावयाचा. तो काठाला फार बिलगत असेल तर काठाचेच दोन भाग करावयाचे. मूळ आकृतीत फार तीक्ष्ण कोपरे नसतील, तर ही रीत कोठेतरी नक्की थांबते आणि सुमारे २०.७ अंशांहून लहान कोन उरू देत नाही, असे गणिताने सिद्ध करता येते. या विचारांवर जोनाथन श्यूचुक यांनी ‘ट्रँगल’ नावाचा कार्यक्रम रचला आणि २००३ साली त्याला विल्किन्सन पारितोषिक मिळाले. त्यांनी आणखी एका बारीक गोष्टीकडे लक्ष पुरविले. बिंदू वर्तुळाच्या आत की बाहेर, हा प्रश्न संगणक दशांश चिन्हापुढील ठराविक अंकांपर्यंतच पाहून सोडवितो. बिंदू अगदी परिघावर असेल तर शेवटच्या अंकाच्या घोळात तो एकदा ‘आत’ आणि एकदा ‘बाहेर’ असे सांगतो, आणि कार्यक्रम गोंधळून बंद पडतो. जेथे संशय असेल तेथेच जास्त अंक घेऊन नेमका निर्णय करण्याची सोय श्यूचुक यांनी केली.

येथपर्यंत कागदावरची गोष्ट झाली. खऱ्या वस्तूंना लांबी, रुंदी आणि उंची असते. तेथे त्रिकोणाच्या जागी चतुष्फलक येतो. चार त्रिकोणी बाजूंचा तो ठोकळा. एकसारखे समभुज त्रिकोण जोडून फरशी बिनफटीची बसते, तसे समभुज चतुष्फलक जोडून अवकाश भरेल असे ॲरिस्टॉटलला वाटले होते आणि पुढे शतकानुशतके विद्वान तेच धरून चालले. प्रत्यक्षात एका कडेभोवती पाच चतुष्फलक लावले की सुमारे ७.४ अंशांची फट उरते; सहावा मावत नाही. म्हणजे तिन्ही दिशांत सगळेच तुकडे सुरेख असणे मुळातच अशक्य आहे. १९२८ साली शॉनहार्ट यांनी असा पिळलेला ठोकळा दाखविला की, त्यात नवा बिंदू घातल्यावाचून त्याचे चतुष्फलक पाडताच येत नाहीत. देलोने यांचा नियमही येथे पूर्ण तारत नाही. चार बिंदू एका गोलाच्या विषुववृत्तावर सारख्या अंतराने असल्यासारखे आले, तर त्यांचा चतुष्फलक पापडासारखा चपटा होतो. असे पापड शोधून काढून टाकणे हे या सॉफ्टवेअरचे मोठे कष्टाचे काम आहे.

अशा अडचणींतून वाट काढीत १९८६ साली जेमसन, बेकर आणि वेदरिल यांनी संपूर्ण प्रवासी विमानाभोवती चतुष्फलकांची जाळी टाकून हवेच्या प्रवाहाचे गणित केले. त्यापुढे निरनिराळ्या रीतींचे कार्यक्रम आले. ऑस्ट्रियातील योआखिम शोबर्ल यांचा ‘नेटजेन’ पृष्ठभागापासून आत सरकत जातो. गवंडी भिंतीपासून फरशी लावीत खोलीच्या मध्याकडे येतो, तसा. दुसरी एक रीत सगळा आकार एका पेटीत घालून त्या पेटीचे आठ भाग करते आणि जेथे बारकावा आहे तेथे पुन्हा आठ, पुन्हा आठ करीत जाते. बर्लिनच्या हांग सी यांचा ‘टेटजेन’ आणि बेल्जियमचे ख्रिस्तोफ ग्यूझेन व जाँ-फ्रांस्वा रमाक्ल यांचा ‘जीमेश’ हे आज विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळणारे कार्यक्रम आहेत. ‘जीमेश’ आधी कडांवर बिंदू देतो, मग पृष्ठभागावर त्रिकोण पाडतो आणि शेवटी आतली पोकळी भरतो. विटेसारख्या सहा बाजूंच्या तुकड्यांनी कोणताही आकार सुबकपणे आणि आपोआप भरून देणारी सर्वसाधारण रीत मात्र अजून कोणालाही साधलेली नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी २०१४ साली झालेल्या एका अभ्यासानेही जाळी तयार करणे हाच प्रवाहाच्या गणितातील एक मोठा अडसर असल्याचे नोंदविले आहे.

आता त्या दुर्घटनेकडे वळू. उत्तर समुद्रात वायू काढण्यासाठी नॉर्वेमध्ये ‘स्लाइप्नर ए’ नावाच्या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया बांधला होता. त्यात एकमेकांना लागून २४ गोल कोठ्या होत्या आणि तीन कोठ्या जेथे भेटतात तेथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहत होती. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत पाणी भरून पाया बुडविण्याची चाचणी चालू असता एका पोकळीची भिंत तडकली. पाणी आत घुसले, ते उपसण्याच्या पलीकडे गेले आणि सगळा पाया तळाशी जाऊन त्याचा चक्काचूर झाला. भूकंपमापकांवरही त्या धक्क्याची नोंद झाली. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत काय आढळले? भिंतीतील ताणांचे गणित संगणकावर केले होते. मात्र त्या त्रिकोणी पोकळीच्या कोपऱ्यांशी जाळी फार जाड्याभरड्या आणि कललेल्या तुकड्यांची पडली होती. त्यामुळे भिंतीला कात्रीसारखा कापू पाहणारा ताण जितका होता त्याहून ४७ टक्के कमी दाखविला गेला. त्या आकड्यावर विसंबून भिंत पातळ ठेवली गेली. आतील लोखंडी सळ्यांची पकडही अपुरी होती. नंतर नीट जाळी टाकून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरला फुटला होता. समीकरणे तीच, संगणकही हिशेबात चुकला नव्हता. जाळीने घात केला. आणि तोच हिशेब चांगल्या जाळीने आधी केला असता, तर तो वेळीच सावध करून गेला असता.

हा प्रश्न दूर नॉर्वेचाच आहे असे मात्र आपण समजू नये. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र वादळाने किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा अंदाज त्रिकोणांच्या जाळीवरच काढते. भर समुद्रात त्रिकोण मोठे आणि किनाऱ्याजवळ लहान, अशी ती रचना असते. कोणत्या गावात पाणी शिरणार आणि कोणते गाव रिकामे करावयाचे, हा निर्णय अशा अंदाजांवर घेतला जातो. खाडीचे एखादे अरुंद मुख त्रिकोणांच्या मापात हरवले, तर त्या खाडीत चढणारे पाणीही हिशेबातून हरवते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही पद्धती २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्या जाळीचे घर सुमारे ६ किलोमीटरचे आहे. पूर्वीचे १२ किलोमीटरचे होते. घराची बाजू निम्मी झाली की त्याच जागेत चौपट घरे येतात, आणि काळाचे पाऊलही निम्मे टाकावे लागत असल्याने काम साधारण आठपट होते. एवढा खटाटोप का, हे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या श्रोत्यांना सांगावयास नको. आंबोलीचा पाऊस आणि तेथून साठसत्तर किलोमीटरवरच्या बेळगावचा पाऊस यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. जाळीची घरे मोठी असली तर घाटाचा उभा कडा त्यांत सपाट होऊन एक लांबट चढण बनतो आणि डोंगरामुळे पडणारा पाऊस गणिताला दिसतच नाही.

बेळगावच्या ओतशाळांनाही हा विषय परका नाही. वितळलेले लोखंड साच्यात कोठे आधी गोठेल, कोठे मागाहून, आणि पोकळी कोठे राहील, हे आधीच पाहून घेण्यासाठी ओतकामाच्या आकारावर अशीच जाळी टाकतात. जाड भाग आणि पातळ भाग जेथे जुळतात तेथे ती बारीक हवी. कारण गोठण्याचा खेळ तेथेच होतो.

मग सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? आज संगणकावर एक कळ दाबली की जाळी तयार होते, दुसरी दाबली की रंगीत चित्र येते. लाल भाग धोक्याचा, निळा भाग सुरक्षित. चित्र इतके देखणे असते की त्याच्या खाली कसले तुकडे आहेत हे पाहण्याची इच्छाच होत नाही. अभियांत्रिकीच्या वर्गात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी तीन गोष्टी सुचवू इच्छितो. पहिली ही की, उत्तर पाहण्याआधी जाळी पाहावी. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा कोन किती आहे हे कार्यक्रमालाच विचारावे. दुसरी, जाळी दुप्पट बारीक करून गणित पुन्हा करावे. उत्तर फारसे हलले नाही तर काही विश्वास धरावा. हलले तर पहिल्या उत्तरावर एक वीटही ठेवू नये. आणि तिसरी, ज्याचे उत्तर कागदावर नेमके काढता येते असा एक साधा आकार त्याच कार्यक्रमाला आधी सोडवावयास द्यावा. या तीन कामांना एखादा दिवस जास्त लागेल. स्लाइप्नरच्या भिंतीसाठी तो दिवस कोणी दिला नव्हता.

शाळेतल्या मुलांसाठी संगणकही नको. आपल्या तालुक्याचा नकाशा घ्या, पंधरावीस गावे बिंदूंनी दाखवा आणि ती त्रिकोणांनी जोडा. मग कोनमापक घेऊन सामाईक बाजूंसमोरचे कोन तपासा. बेरीज १८० अंशांवर गेली की कर्ण बदला. तासाभरात जाळी कशी सुधारते ते डोळ्यांना दिसेल. भूमितीची प्रमेये कशासाठी शिकावयाची, असे मुले वर्गात वारंवार विचारतात. त्या प्रश्नाला फळ्यावर दिलेल्या उत्तरापेक्षा हा नकाशा अधिक चांगले उत्तर देईल, असा माझा अनुभव आहे.